प्रतीक्षायादीत नाव लागते त्याच दिवशी उपशामक उपचारही सुरू व्हावेत का?

(एका मंचावरील चर्चा; प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

उंबरठा

माझे मत आधीच मांडते. ज्या दिवशी रुग्णाचे नाव अवयवाच्या प्रतीक्षायादीत लागते, त्याच दिवशी उपशामक उपचार, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारे उपचार, करणाऱ्या डॉक्टरांशी त्याची पहिली भेट व्हायला हवी. नाव यादीतून काढल्यानंतर नव्हे, आणि व्हेंटिलेटर लागल्यानंतर तर नव्हेच.

माझा भाऊ सिरॉसिसने, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत जाण्याच्या विकाराने, आजारी होता आणि यकृतासाठी अकरा महिने यादीवर होता. त्या काळात त्याचे रक्त किती वेळा तपासले गेले याची मोजदाद नाही, पण त्याला खाज किती सुटते हे कोणी विचारले नाही. ही खाज पुरळ उठून येणारी नव्हती. पित्त तुंबले की ती तळहातांना आणि तळपायांना आतून सुटते आणि रात्री वाढते. दादा केस विंचरायच्या फणीने तळवे खाजवायचा. सकाळी चादरीवर रक्ताच्या बारीक रेघा दिसायच्या आणि तो आंघोळीला गेला की आई मुकाट्याने ती चादर बदलायची. तपासणीच्या वेळी मी हे सांगितले तेव्हा "यकृत बदलले की जाईल" असे उत्तर मिळाले. ते खोटे नव्हते. फक्त यकृत मिळाले नाही.

यादीतला क्रम लावण्यासाठी मेल्ड नावाचा गुणांक वापरतात. अमेरिकेत तो २००२ पासून लागू आहे. मूळ मेल्ड हा बिलिरुबिन (पित्तातला पिवळा घटक), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि रक्त गोठण्याची आयएनआर चाचणी या तीन आकड्यांवरून काढतात आणि तो ६ ते ४० च्या दरम्यान असतो. ज्याच्या जिवाला धोका जास्त त्याला अवयव आधी, हा त्यामागचा विचार न्याय्य आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खाज, उडालेली झोप, झिजलेले स्नायू, पोटात पाणी साचल्यामुळे दोन घासांतच गच्च होणे, मेंदूवर परिणाम होऊन घरातल्यांची नावे न आठवणे, यांपैकी काहीही त्या गुणांकात धरलेले नाही, आणि म्हणून कमी गुणांकाचा माणूस अतोनात हाल सोसत यादीत मागेच राहू शकतो. मग त्याच्या हालांकडे पाहणे हे नेमके कोणाचे काम?

पुढे दादाला जंतुसंसर्ग झाला, नाव यादीतून निघाले आणि त्यानंतर उपशामक विभागाच्या डॉक्टर आल्या. त्यांना चार दिवस मिळाले. पहिल्याच भेटीत खुर्ची ओढून पलंगाजवळ बसत त्यांनी विचारले, "तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?" दादा म्हणाला, "खाजेचा." हा प्रश्न अकरा महिन्यांत त्याला कोणी केला नव्हता.

शल्यकार

उंबरठाताई, आपल्या भावाच्या बाबतीत जे घडले ते वाचून वाईट वाटले. मी यकृत प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया करतो, आणि तरीही, किंवा म्हणूनच, आपला निष्कर्ष मला पटत नाही.

आपण ज्याचे वर्णन केले आहे तो यकृताच्या वैद्यकातला हलगर्जीपणा आहे. पित्त तुंबून येणाऱ्या खाजेवर कोलेस्टायरामीन, रिफाम्पिसिन, नाल्ट्रेक्सोन, सरट्रालीन अशी औषधे पायरीपायरीने वापरतात, आणि ती देणे हे यकृततज्ज्ञाचेच काम आहे. त्याने ते केले नाही तर त्याला जाब विचारायला हवा. त्यासाठी रुग्णाच्या आयुष्यात आणखी एक विभाग आणायचे कारण नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. यादीवरच्या रुग्णाला आम्ही सांगतो की चाला, प्रथिने खा, वजन घसरू देऊ नका, स्नायू टिकवा, कारण शस्त्रक्रिया सोसण्याइतके बळ अंगात राहिले तरच अवयवासाठी कॉल आल्याचा उपयोग. त्याच आठवड्यात दुसरे कोणी येऊन "अवयव मिळाला नाही तर शेवटचे दिवस कुठे काढायला आवडतील?" असे विचारू लागले, तर त्याने कोणाचे ऐकायचे? अवयव थांबत नसतो. बर्फात ठेवलेले हृदय साधारण ४ तास टिकते, यकृत ८ ते १२ तास. मध्यरात्री फोन आल्यावर "मला जरा विचार करू द्या" म्हणणारा रुग्ण मी पाहिला आहे. ते यकृत यादीतल्या पुढच्या माणसाला गेले आणि पहिल्याला पुन्हा संधी आली नाही.

वेदनाशामकांचा प्रश्नही आहेच. सिरॉसिसच्या रुग्णाला अफूवर्गीय औषध दिले, त्याला बद्धकोष्ठ झाला, की मेंदूवर परिणाम व्हायला वेळ लागत नाही. प्रत्यारोपणाआधी अशी औषधे मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णांत नंतर मृत्यूचे आणि मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण जास्त असल्याचे नोंदींवरून दिसते. ते औषधामुळे की मुळात ती माणसे जास्त आजारी असल्यामुळे, हे नोंदींवरून ठरत नाही, हे मी मान्य करतो. पण सावध राहायला तेवढे पुरेसे आहे.

रात्रपाळी

मी प्रत्यारोपण कक्षात परिचारिका आहे आणि माझ्या नावाप्रमाणे बहुतेक काम रात्रीचे करते. शल्यकार सरांचा "त्याने कोणाचे ऐकायचे" हा प्रश्न रास्त आहे, पण रुग्ण कोणाशी काय बोलतो हे मी जे पाहिले आहे, ते सांगायला हवे.

पहाटे तीनच्या सुमारास रुग्ण दोन प्रश्न विचारतात. एक म्हणजे, "कॉल येईल ना?" आणि दुसरा, बराच वेळ गेल्यावर, "नाही आला तर?" पहिला प्रश्न ते सकाळी राउंडच्या वेळी डॉक्टरांनाही विचारतात. दुसरा कधीच विचारत नाहीत. आपण खचलो आहोत असे दिसले तर नाव यादीतून निघेल, ही भीती त्यांच्या मनात इतकी घट्ट बसलेली असते की खरा त्रासही ते लपवतात. फुप्फुसासाठी थांबलेल्या एका गृहस्थांनी राउंडपुरते तोकड्या वाक्यांत बोलायचा सराव केला होता, म्हणजे मध्ये दम लागला हे कळू नये. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले की ते डोळे मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, पुढे वाकून बसायचे. मी त्यांच्या चेहऱ्यासमोर बॅटरीवरचा छोटा पंखा धरायची. चेहऱ्यावर गार वारा आला की धाप लागल्याची जाणीव खरोखर कमी होते, आणि हे मला उपशामक विभागातल्या एका डॉक्टरांनी शिकवले, प्रत्यारोपणाच्या नव्हे.

म्हणून माझे म्हणणे असे की ज्याच्या हातात यादी नाही, अशा एका तरी डॉक्टरशी रुग्णाला बोलता आले पाहिजे. शल्यचिकित्सक कितीही प्रेमळ असला तरी रुग्णाच्या लेखी तो परीक्षक असतो.

पिंपळपान

माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन चौदा वर्षे झाली. मी इथे कोणत्या बाजूला आहे हे माझे मलाच नीट ठरवता येत नाही, तरी लिहितो.

यादीत नाव लागले त्या दिवशी मी इतक्या कागदांवर सह्या केल्या की शेवटी स्वतःची सही ओळखू येईना. त्या दिवशी कोणी "उपशामक" हा शब्द उच्चारला असता तर मी असेच समजलो असतो की माझ्यापासून काहीतरी लपवले जात आहे. तेव्हा उंबरठाताई, तत्त्व आपले बरोबर असेल, पण तो दिवस चुकीचा आहे.

मात्र या चर्चेत सगळे जण यादीबद्दलच बोलत आहेत, आणि माझ्या अनुभवात मदतीची खरी उणीव होती ती नंतर. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाने माझे हात थरथरतात. सुईत दोरा ओवता येत नाही, भरलेला पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. पायांची आग होते, झोप तुटक लागते. हे मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितले की समोरचा म्हणतो, "अहो, तुम्हाला किडनी मिळाली, कित्येकांना ती मिळतही नाही." आणि तो खरेच बोलत असतो, त्यामुळे पुढे बोलता येत नाही. क्रिएटिनिन बरे असले की मी बरा आहे असे धरले जाते. मिळालेला अवयव कायमचा नसतो, हे मला माहीत आहे. माझा क्रिएटिनिन गेले वर्षभर हळूहळू चढतो आहे. पुन्हा डायलिसिस, पुन्हा यादी, की यांपैकी काहीच नको, याबद्दल माझ्याशी अजून कोणी बोललेले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही विषय काढलेला नाही.

मात्रा

मी उपशामक वैद्यकात काम करते, तेव्हा माझा कल कुणीकडे असणार हे उघड आहे. तरीही शल्यकार यांच्या मुद्द्यांना नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते, आणि जिथे ते बरोबर आहेत तिथे तसे म्हणते.

लंडनमधले सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था) सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ च्या जुलैत सुरू केले आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. दोन्ही शाखा एकाच वर्षी नावारूपाला आल्या, पण इतकी वर्षे त्यांनी एकमेकींकडे पाठ फिरवली, कारण एक मरणाशी झुंजणाऱ्यांची आणि दुसरी मरण स्वीकारणाऱ्यांची, अशी लोकांची आणि डॉक्टरांचीही समजूत झाली. १९९० मधली जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही बरे करणाऱ्या उपचारांना दाद न देणाऱ्या आजाराबद्दलच बोलत होती. २००२ साली संघटनेने ती बदलली, आणि आयुष्य वाढवणाऱ्या उपचारांच्या जोडीने, आजाराच्या सुरुवातीपासून ही सेवा द्यावी असे स्पष्ट म्हटले. तेव्हा उंबरठाताई काही नवे मागत नाहीत. जे कागदावर आहे ते अमलात आणा एवढेच म्हणत आहेत.

आता पुराव्याबद्दल. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, फुप्फुसाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना निदानानंतर लगेच उपशामक सेवा मिळाली, त्यांची मनःस्थिती चांगली राहिली, अखेरच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले: मध्यक आयुर्मान ११.६ महिने, इतरांचे ८.९ महिने. २०१६ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी स्टेम सेल प्रत्यारोपण होत असलेल्या १६० रुग्णांवर अशीच चाचणी झाली. बरे होण्याच्या आशेने चाललेल्या अतिशय कठीण उपचारांच्या मधोमध ही सेवा दिली गेली, आणि ज्यांना ती मिळाली त्यांच्या जगण्याचा दर्जा दुसऱ्या आठवड्यात इतरांइतका ढासळला नाही.

औषधांबाबत मात्र शल्यकार यांचा इशारा प्रत्येक उपशामक डॉक्टराने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. मूत्रपिंड निकामी असेल तर मॉर्फिनपासून तयार होणारे घटक शरीरात साचतात, रुग्णाला गुंगी येते, हातपाय झटके देतात. तिथे फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन बरे. टॅक्रोलिमस घेणाऱ्याला आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी देणे म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी घाव. आणि खाजेवर चालणारे रिफाम्पिसिन प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला न विचारता दिले, तर ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी झपाट्याने खाली आणते आणि अवयव नाकारला जाऊ शकतो. म्हणून प्रत्यारोपणाची औषधे न जाणणारा उपशामक डॉक्टर धोकादायकच असतो. पण यातून निष्कर्ष असा निघतो की आम्ही एकत्र बसायला हवे, आणि तेही लवकर.

पिंपळपान, पायांची आग आणि तुटक झोप यांवर उपाय असतात. हात थरथरण्यासाठी टॅक्रोच्या पातळीचा किंवा औषधाच्या प्रकाराचा विचार करता येतो. पुढच्या तपासणीत हे तीन त्रास क्रिएटिनिनच्या आधी सांगा, एवढी विनंती.

शल्यकार

मात्राताईंनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही तसेच लिहितो.

दोन्ही चाचण्या मला माहीत आहेत आणि दोन्ही माझ्या रुग्णांच्या नाहीत. पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णापुढे एकच दिशा असते. स्टेम सेलच्या रुग्णाची तारीख ठरलेली असते. माझ्या रुग्णाला फोन आज रात्री येईल की कधीच येणार नाही हे कोणालाच सांगता येत नाही, आणि कॉल आला तर अत्यवस्थ माणूस काही आठवड्यांत स्वतःच्या पायांनी घरी जातो. इतक्या टोकाच्या दोन शक्यता मनात एकाच वेळी धरणे हे फार थोड्यांना जमते, आणि ज्यांना जमत नाही त्यांची उमेद मला मोडायची नाही.

पण एक गोष्ट मी कबूल केली नाही तर ही चर्चा अपुरी राहील. प्रत्यारोपण केंद्राचे मोल एका वर्षानंतर किती रुग्ण जिवंत आहेत यावरून केले जाते. अमेरिकेत तर प्रत्येक केंद्राचे हे आकडे प्रसिद्ध होतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर आठ-नऊ महिन्यांनी सगळे अवयव थकलेल्या रुग्णाबद्दल "आणखी थोडे पाहू" असे म्हणताना त्यात रुग्णाचे हित किती आणि त्या आकड्याचा दबाव किती, हे मला स्वतःला प्रत्येक वेळी सांगता आलेले नाही. अशा वेळी ज्याचा त्या आकड्याशी संबंध नाही असा कोणी खोलीत असावा, हे रात्रपाळी यांचे म्हणणे मला टोचले आणि ते बरोबर आहे.

अक्षांश

मी इथे सहसा लिहीत नाही. माझी मुलगी अपघातात गेली तेव्हा आम्ही तिचे हृदय, यकृत आणि दोन्ही मूत्रपिंडे दिली.

आपण सगळे जाणकार आहात. पण उपचार थांबवण्याचा विषय निघाला की माझ्या पोटात खड्डा पडतो. ते हृदय जिथे कुठे असेल तिथे ते थांबू नये म्हणून सगळे काही केले जावे असे मला वाटते. ज्याला ते मिळाले त्याला "आता पुरे" म्हणायचा हक्क आहे का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे आणि उत्तर मिळालेले नाही. माझे चुकत असेल तर सांगा.

पिंपळपान

अक्षांश, आपण मला नमस्कार करू द्यावा, एवढेच आधी.

माझ्या पोटात ज्याचे मूत्रपिंड आहे त्याचे नाव मला माहीत नाही. गोळ्यांची वेळ मी चौदा वर्षांत चुकवली नाही, ती जितकी माझ्यासाठी तितकीच त्याच्यासाठी. डॉक्टरांपुढे मी तक्रार करत नाही याचे अर्धे कारण तेच आहे: ज्या घराने आपले माणूस गेल्याच्या दिवशी मला हे दिले, त्या घरासमोर मी पाय दुखतात म्हणून रडायचे कसे? पण आपण विचारलेत म्हणून विचारतो. आपली लेक ज्याच्यात आहे तो माणूस रात्र रात्र जागा असेल, त्याची आग होत असेल, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तो ते कोणालाच सांगत नसेल, तर आपल्याला ते चालेल का?

अक्षांश

नाही. ते अजिबात चालणार नाही. त्याला दुखत असेल तर त्याने सांगावे. थांबवण्याबद्दल मात्र माझे मन अजून तयार नाही.

मात्रा

अक्षांश, आपले मन तयार व्हावे असा माझा आग्रह नाही. एवढेच सांगते की उपशामक सेवा घेणाऱ्या प्रत्यारोपण रुग्णाची अवयव टिकवणारी औषधे त्यामुळे बंद होत नाहीत. अगदी अखेरच्या टप्प्यातही ती विचार न करता थांबवत नाहीत, कारण अवयव नाकारला जाऊ लागला तर ताप आणि वेदना वाढू शकतात, आणि दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद केले तर रक्तदाब कोसळतो. रुग्णाला गोळी गिळता येत असेपर्यंत ती बहुधा चालूच राहते.

उंबरठा

शल्यकार सर, आपण दुसऱ्या प्रतिसादात जे लिहिले ते लिहिणे सोपे नव्हते. मध्यरात्रीच्या त्या फोनबद्दल मी खूप विचार केला. विचार करायला वेळ मागणाऱ्या त्या रुग्णाशी आधीच कोणी सावकाश बोलले असते, त्याची भीती कशाची आहे हे समजून घेतले असते, तर कदाचित त्याचे उत्तर त्या रात्री तयार असते. मला तरी तसे वाटते.

पिंपळपान यांचे ऐकून मी दिवसाचा हट्ट सोडते. सह्यांच्या दिवशी नको. पुढच्या भेटीत, साधारण महिन्याभराने, आणि तेही यादीवरच्या प्रत्येकाला, म्हणजे आपल्यालाच का बोलावले असे कोणाला वाटणार नाही. अशी अट अशक्य नाही. प्रत्यारोपणाऐवजी हृदयाला कायमचा पंप बसवणाऱ्या केंद्रांच्या पथकात उपशामक तज्ज्ञ असलाच पाहिजे, असे अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने २०१३ साली ठरवले. पंपाला जे लागू होते ते यादीला का होऊ नये?

माझी एक अट मात्र राहील. त्या भेटीत रुग्ण जे बोलेल ते यादी ठरवणाऱ्या समितीपुढे जाऊ नये. नाहीतर रात्रपाळी यांनी सांगितलेले गृहस्थ त्या डॉक्टरांसमोरही तोकड्या वाक्यांतच बोलतील.

शल्यकार

सर्वांना, आणि पुढच्या भेटीत, हे मला मान्य आहे. आमच्या विभागाच्या बैठकीत मी ते मांडेन.

आपली शेवटची अट मात्र मला स्वीकारता येत नाही. व्हेंटिलेटर नको असे रुग्णाने त्या भेटीत सांगितले आणि ते मला कळलेच नाही, तर शस्त्रक्रियेनंतर मी त्याच्या घशात नळी घालीन आणि ते त्याच्या इच्छेविरुद्ध असेल. माझ्या शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक जण काही तास तरी त्या नळीवर असतो. भीती, खाज, झोप, घरचे ताण हे समितीकडे येऊ नये, याला माझी हरकत नाही; पण उपचारांची मर्यादा ठरवणारी गोष्ट माझ्यापासून लपलेली असेल तर मी चाकू हातात घेऊ शकत नाही.

रात्रपाळी

सर, मग ती रेघ रुग्णालाच ओढू द्या. भेट संपताना डॉक्टरांनी लिहिलेले त्याला वाचून दाखवावे आणि यातले काय फाइलमध्ये जाऊ द्यायचे हे त्याने सांगावे. नळीबद्दलची गोष्ट त्याने स्वतः आपल्याला सांगावी, हवे तर मी तिथे उभी राहीन.

उंबरठा

आणि त्याने "हे सांगू नका" म्हटले तर?

शल्यकार

तर मी त्याची शस्त्रक्रिया करावी की नाही, हे मला आज सांगता येत नाही.